पद वाढलं, पगार तोच

प्रश्न : मला 'सीनियर मॅनेजर' केलं, पण पगार तोच आणि हाताखाली माणूस एकही नाही. साहेब म्हणतात, "आधी काम दाखव." भांडू की गप्प बसू?

उत्तर : दोन्ही नको. मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली. बजेट नसतं, माणूसही सोडायचा नसतो, मग व्हिजिटिंग कार्ड बदलून देतात. फुकटात भागतं! मोठ्या कंपन्यांत पगार बहुधा पदनामावर नाही, ग्रेडवर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तुमच्या पायरीवर ठरतो. बढतीचं पत्र काढा, ग्रेड बदललीय का बघा. लिहिली नसेल तर एचआरला मेल टाका : "माझी सध्याची ग्रेड व तिची पगारश्रेणी कळवावी." सूर तक्रारीचा नको.

साहेबांना विचारा, किती रकमेपर्यंतच्या खर्चाला माझी सही चालेल? उत्तर टाळलं, तर समजा काय ते. नुसत्या नावाला बाहेरही कोणी भुलत नाही. गुंतवणूक बँकांत 'व्हाइस प्रेसिडेंट' ढिगाने असतात. मुलाखतीत विचारतात, टीम केवढी, बजेट किती.

आणि 'काम दाखव' म्हणजे नेमकं कोणतं, कधीपर्यंत, हे मेलवर घ्या. साहेबांचीच बदली झाली तर तोंडी शब्दाला नवे साहेब विचारणार नाहीत.