बोटीच्या तळात गोडं पाणी येतंय, टाकी बदलू का?

तुमचा प्रश्न असा: ३० फुटी शिडाची बोट, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, दर आठवड्याला बादलीभर पाणी, पाणी गोडं, आणि फिटर म्हणतोय पिण्याच्या पाण्याची टाकी गळतेय, बदलून टाका. बदलू का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नका. मी बदललीय, म्हणजे माझ्या अर्ध्या पैशांनी बदलली गेलीय, म्हणून सांगतोय.

मी नेरुळला राहतो. २६ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या साडूभाऊंनी टूम काढली की आपण दोघांत एक जुनी शिडाची बोट घेऊ. ते बँकेत होते, म्हणजे हिशेब त्यांच्याकडे आणि ग्रीस माझ्याकडे. २७ फुटी फायबरची बोट मिळाली, दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला खाडीत नांगरून ठेवली. पहिला पावसाळा ती जमिनीवरच होती. नोव्हेंबरात पाण्यात सोडली आणि दुसऱ्याच रविवारी फळ्या उचलल्या तर खाली आठ-दहा लिटर पाणी.

मी हाताचं बोट पाण्यात बुडवून चाखलं. गोडं. साडूभाऊंनी तिथल्या तिथे निकाल दिला, "टाकी फुटली."

जहाजावर रोज बिल्जचं आणि प्रत्येक टाकीचं साउंडिंग घेऊन, म्हणजे आतली पातळी मोजून, वहीत लिहावं लागतं. ती सवय जात नाही. मी टाकी काठोकाठ भरली, आत काठी घालून पातळीची खूण केली, व्हॉल्व बंद केला आणि बॅटरीचा मेन स्विचही बंद केला, म्हणजे नळांना पाणी ढकलणारा प्रेशर पंप स्वतःहून चालू व्हायला नको. पुढच्या रविवारी काठी घातली. पाणी खुणेवर. बिल्जमध्ये मात्र पुन्हा आठ लिटर. आता यात वादाला जागा आहे का? टाकीतून काही गेलंच नाही तर टाकी गळते कशी? पण साडूभाऊ म्हणाले तुमची काठी वाकडी आहे.

मी म्हटलं, ठीक, टाकीत बिर्याणीचा केशरी रंग टाकू. बिल्जमध्ये केशरी पाणी आलं तर टाकी किंवा तिचे पाइप, नाही आलं तर दोन्ही सुटले. दहा रुपयांची पुडी. तर म्हणे पिण्याच्या टाकीत रंग कोण टाकतं? एवढ्यात त्यांच्या ओळखीचा फिटर आला, त्याने टाकीच्या जोडावर गंज दाखवला, आणि मी एका लग्नाला सांगलीला गेलो होतो तेवढ्यात १९ हजारांची नवी टाकी बसलीसुद्धा. साडेनऊ माझे.

त्याच्या पुढच्या रविवारी बिल्जमध्ये नऊ लिटर.

आता साडूभाऊंचा रोख डोलकाठीवर गेला. डोलकाठीतून पावसाचं पाणी उतरतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. उतरतं, खरं आहे. काठी डेकमधून आरपार तळापर्यंत गेलेली असेल तर दोरांच्या भोकांतून आणि शिडाच्या खाचेतून पाणी आत शिरतं आणि सरळ बिल्जमध्ये येतं. पण महिना फेब्रुवारी! आपल्याकडे ऑक्टोबर सरला की मे संपेपर्यंत थेंब पडत नाही म्हटलं तरी चालेल. थंड मुलखातल्या लोकांना बारा महिने पाऊस असतो, त्यांना हा गोंधळ शोभतो. आपल्याला कॅलेंडरच अर्धं उत्तर देतं. कोरड्या महिन्यांत गोडं पाणी साचत असेल तर ते आभाळातून आलेलं नाही आणि खाडीतूनही नाही. ते तुम्हीच बोटीवर चढवलेलं आहे.

हे मी बोललो आणि स्वतःच पुरतं ऐकलं नाही.

मग एका शनिवारी मी घरून रांगोळीचा डबा घेतला. बिल्ज स्पंजने टिपून, फडक्याने पुसून खडखडीत कोरडं केलं. पंपाखाली, टाकीच्या जोडाखाली, सिंकखाली, डोलकाठीच्या बुडाशी रांगोळीच्या जाड रेघा ओढल्या. पाण्याचा ओघळ कितीही बारीक असो, कोरड्या रांगोळीवर काळपट वाट पडते. साडूभाऊ वरून बघत होते. "बोटीचं लग्न काढलंय वाटतं," म्हणाले, आणि संध्याकाळी घरी गेले. मी रात्री बोटीवरच झोपलो.

दोनच्या सुमाराला ओहोटी होती, खाडी अगदी गप्प. टप्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्. टॉर्च घेऊन फळ्या उचलल्या. पंप कोरडा, टाकीचा जोड कोरडा, डोलकाठीचं बूड कोरडं. सिंकखालची रेघ मात्र एका जागी मोडली होती आणि तिथून ओली वाट मागे गेली होती ती बर्फाच्या पेटीखाली. पेटीच्या बुडातून एक बोटभर जाडीची नळी निघून फळीमागून थेट बिल्जमध्ये सोडलेली. जुन्या बोटींत ही सर्रास पद्धत होती, बांधतानाच तशी बांधायचे.

आणि त्या पेटीत दर शनिवारी जेटीवरून पोतंभर फोडलेला बर्फ, पंधरा-वीस किलो, कोण आणून टाकत होतं? साडूभाऊ. त्यांच्या बिअरसाठी आणि वर पापलेट ठेवायला. रविवारी संध्याकाळी उरलेला अर्धा बर्फ तसाच पेटीत टाकून आम्ही घरी. आठवडाभरात वितळला की आठ-दहा किलोचे आठ-दहा लिटर. मी टाकीचा लिटर न् लिटर मोजला, पण बर्फ हिशेबात धरलाच नाही, कारण तो पोत्यातून यायचा. बिल्जला मासळीचा वास येत होता तेव्हा मी कोळीवाड्याकडे बोट दाखवत होतो. ही माझी चूक, कबूल.

साडूभाऊंनी काय कबूल केलं? "जाऊ द्या, नवी टाकी तर झाली ना." जुनी टाकी माझ्या गच्चीत आहे. तीन वर्षं तिच्यात झाडांचं पाणी भरतो, खालची फरशी कोरडी. घरात कार्य असलं की ते पाहुण्यांना सांगतात, आमच्या साडूंना जहाजाचं कळतं, बोटीचं नाही. त्यांचा मुलगा ही साइट वाचतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तुमच्याकडे बर्फाची पेटी आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आधी तिची नळी बघा, बिल्जमधून काढून एका कॅनमध्ये सोडा. नसेल तर टाकीचा व्हॉल्व आठवडाभर बंद ठेवून पाहा. पाणी थांबलं तर दोष टाकीच्या पुढे, पाइप-पंपात. मग व्हॉल्व उघडून, नळ बंद ठेवून नुसता पंप चालू करून ऐकत बसा. कुणी पाणी घेत नसताना मधूनच गुरगुरला तर एखादा क्लॅम्प सैल असू शकतो. इंजिनवर तापणारी गरम पाण्याची टाकी असेल तर तिचा सेफ्टी व्हॉल्वही बघा. ४० लिटर पाणी ३० वरून ८० अंशांवर गेलं की साधारण लिटरभर फुगतं, आणि तेवढं व्हॉल्वमधून बाहेर पडतं. तो व्हॉल्व बिल्जमध्ये सोडलेला असेल तर इंजिन चालवलेल्या दिवशीच पाणी वाढलेलं दिसेल.

पावसाळ्यातली गळती हा वेगळा विषय. डेकवर पाइपने पाणी मारायचं, खालून वर, एका जागी दहा-दहा मिनिटं, आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायचं. आधीच वर मारलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

आणि गोडं पाणी म्हणून निर्धास्त राहू नका. लाकूड कुजवायला खाऱ्यापेक्षा गोडंच जास्त वाईट. ऑटोमॅटिक बिल्ज पंप असेल तर शोध संपेपर्यंत तो किती वेळा चालतो ते मोजा, नाहीतर पाणी येतंय हेच कळणार नाही. बोट खाडीत सोडून जाताना मात्र तो बंद करू नका.

राहिलं चवीचं. मी चाखलं असं वर लिहिलंय, तुम्ही चाखू नका. इंजिनचं कूलंट गोडसर लागतं आणि ते विष आहे. शिवाय बिल्जमध्ये डिझेल असतं, टॉयलेटची नळी गळत असेल तर तेही. घरच्या प्युरिफायरसाठी घेतलेला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारा, बुडवा. समुद्राचं पाणी ३५ हजारांच्या आसपास, तिथे घरगुती मीटर हात टेकतो. पण बादलीभर गोड्या पाण्यात कपभर समुद्राचं पाणी मिसळलं तरी आकडा चार-पाचशेवर जातो, तेव्हा बिल्ज आधी धुऊन कोरडं केल्याशिवाय आकड्यावर विश्वास नको. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही परीक्षा करूच नका. ठाण्याच्या बाजूला पावसाने खाडीच इतकी मचूळ होते की शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून आत आलेलं पाणीही खारं लागत नाही, आणि तेव्हा टाकी सोडून सील बघायला हवं.