अर्काने जंतू मरतात, मग हिरड्यांतून रक्त का?

प्रश्न : ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. डेंटिस्टनी दिलेल्या क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने दातांवर तपकिरी डाग पडले, तोंडाची चव गेली. म्हणून कडुलिंब-लवंगेच्या अर्काचा माउथवॉश सुरू केला. 'किडीचे जंतू नष्ट करतो, प्रयोगशाळेत सिद्ध' असं बाटलीवर छापलंय. तरी रक्त थांबत नाही. त्यापेक्षा लवंगेचं तेलच थेट हिरडीला लावू का?

उत्तर : तेल आधी खाली ठेवा. त्यात मुख्यतः युजेनॉल असतं. झिंक ऑक्साइडमध्ये कालवून आम्ही डेंटिस्ट त्याचं तात्पुरतं फिलिंग करतो, तेव्हा ते गुणी आहेच. पण निव्वळ तेल हिरडीवर चोळलं की भाजल्यासारखं होऊन पांढरा चट्टा पडतो. लहान मुलाच्या पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, म्हणून बाटली वरच्या फळीवरच असू द्या.

आता ते 'प्रयोगशाळेत सिद्ध'. शिकत असताना या चाचण्या मीही केल्यात. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) बशीवर स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा दात किडवणारा जंतू पसरायचा, अर्कात भिजवलेली कागदाची चकती वर ठेवायची, बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी चकतीभोवती स्वच्छ वलय दिसलं, म्हणजे तिथे जंतू वाढले नाहीत. असा अहवाल हातात आला की मी आधी एकच बघते : शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती होती का? अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्येच काढतात, आणि जंतू मारायला ते एकटंही पुरतं. उलट तेलकट अर्क पाणीदार अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे चांगल्या तेलाचंही वलय लहान दिसतं. वलय मोजून औषधाची लायकी ठरत नाही.

तोंडात तर मामला निराळाच. बशीत चकती रात्रभर हलत नाही. तुम्ही चूळ अर्ध्या मिनिटात थुंकता, उरलंसुरलं लाळ धुऊन नेते. शिवाय दातांवरचे जंतू सुटे नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, ते दडून बसतात. हा थर साचून राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. या साचलेल्या थरानेच हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. कीटणापुढे कडुलिंब काय नि क्लोरहेक्सिडीन काय, दोघांचंही काही चालत नाही.

वनस्पतींवर माझा राग नाही. थायमॉल (ओव्यातही हेच असतं), निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, मेन्थॉल अशा द्रव्यांच्या ठरावीक प्रमाणातल्या माउथवॉशच्या माणसांवर सहा-सहा महिन्यांच्या चाचण्या झाल्यात. ब्रशच्या जोडीला वापरल्यावर प्लाक आणि हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली. कडुलिंबाच्या चाचण्या बहुतेक लहान आहेत, आणि पानातली द्रव्यं झाडागणिक, ऋतूगणिक बदलतात. कशाचं किती प्रमाण, हे छापलेलं नसेल तर मी त्या बाटलीवर विसंबत नाही.

तुम्ही आधी कीटण काढून घ्या. डागही त्याच वेळी पॉलिशने जातील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डेंटिस्टना आधी सांगा, पण मनानेच बंद करू नका. जिथून रक्त येतं ती जागा लोक घाबरून सोडून देतात. नेमकी तीच मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून घासा. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश, पेस्ट किमान १००० पीपीएम फ्लोराइडची. अर्काची चूळ हवीच असेल तर या सगळ्यानंतर. सफाईनंतर दोन-तीन आठवड्यांतही रक्त थांबलं नाही, तर पुन्हा दाखवा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या.