करिंथच्या खांबांपुढे जोडलेले हात

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. निवृत्तीनंतर आम्ही चौघी मैत्रिणी ग्रीसला जाऊन आलो. करिंथला अपोलोच्या पडक्या देवळासमोर माझे हात नकळत जोडले गेले. बरोबरची मैत्रीण म्हणाली, "ख्रिस्ती बाई ना तू? आणि अपोलोला नमस्कार?" तेव्हापासून ती माझ्याशी तुटक वागते, चर्चमध्ये शेजारी बसत नाही. माझं खरंच चुकलं का?
– एक वाचक, शरणपूर, नाशिक

उत्तर : तुम्हाला सलाम. त्या सात खांबांसमोर मीही उभी राहिले आहे. एकेक खांब अखंड दगडाचा, मागे आक्रोकरिंथचा उघडा डोंगर. जवळच चौकात ते न्यायासन, जिथे प्रेषित पौलाला रोमन सुभेदार गल्लियोपुढे उभं केलं होतं. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा काळ इसवी सन 51-52च्या सुमारास येतो. म्हणजे पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला, तेव्हाच हे देऊळ जवळजवळ सहाशे वर्षांचं होतं. रोज येता-जाता ते त्याच्या नजरेस पडत असणार.

मला तिथे आजी आठवली. आमच्या घरात ख्रिस्ती झालेली ती पहिली. गणपतीत शेजारच्या काकू मोदक पाठवायच्या. दादांनी ते कधी परत केले नाहीत, पण आजीसमोर कधी खाल्लेही नाहीत. आम्ही मागच्या ओट्यावर बसून खायचो. मला तो लपवाछपवीचा प्रकार वाटे आणि दादांचा रागही येई.

पौलाने इथल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं, बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय आठवा, मी त्या चौकातल्या दगडावर बसून वाचला. लग्नात वाचतात तो प्रीतीचा तेरावा अध्याय सगळ्यांना ठाऊक असतो. हा आठवा मात्र थेट आपल्या गल्लीतला आहे : मूर्तींना दाखवलेला नैवेद्य खावा की नाही? पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही. पण जे कालपर्यंत तिला देव मानत होते, त्यांच्या मनाला तो घास अजून टोचतो. आपल्या मोकळेपणाने त्यांना ठेच लागू नये. दादा आजीला जपत होते, हे मला साठाव्या वर्षी, इतक्या लांब जाऊन कळलं.

तेव्हा तुमचं उत्तर. तुम्ही अपोलोकडे काही मागितलं नाही, त्याला काही वाहिलं नाही. आपल्याकडे मोठं, जुनं काही दिसलं की हात जुळतात. गोदेच्या काठी वाढलेल्या माणसाचे तर जुळतातच. माझ्या मते त्यात पाप नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पण तो अध्याय तुमच्या हातांपेक्षा तुमच्या मैत्रिणीबद्दल अधिक बोलतो. तिच्या घरी देव सोडून प्रभूकडे येताना कोणी काय सोसलं, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे? माझा अंदाज आहे की तिथे काहीतरी ठसठसतं आहे. बरोबर कोण, हा वाद घालायला जाऊ नका. येत्या रविवारी उपासनेनंतर तिच्या घरी जा, चहा मागा, आणि आधी तिचं ऐका.