‘तापजनक रंगकण’ म्हणावे का?

प्रकाश पडताच तापणाऱ्या, रंगद्रव्यापासून बनवलेल्या नॅनोकणांना मराठीत ‘तापजनक रंगकण’ म्हणावे का, अशी विचारणा झाली आहे. हे कण शिरेवाटे शरीरात सोडायचे, कर्करोगाच्या गाठीवर लेझरचा झोत टाकायचा आणि त्यांच्या उष्णतेने तेथल्याच पेशी मारायच्या, अशी ही कल्पना आहे.

व्याकरणाने या शब्दात खोट नाही. अडचण आहे ती संदर्भाची. दवाखान्यात ‘ताप’ म्हणजे ज्वर. शिरेतून द्यायच्या औषधात ताप आणणारे जिवाणूंचे अंश राहिलेले नाहीत ना, हे तपासावे लागते आणि ‘तापजनक’ हे विशेषण नेमके त्या अंशांना लागू पडते. ज्या सुईत तापजनक काही असता कामा नये, तीत आपणच तापजनक कण भरले असे वाचकाला वाटेल. त्यापेक्षा ‘औष्णिक’ बरे. कोराडीच्या वीजकेंद्रामुळे ते सर्वांच्या ओळखीचे आहे. संधी केल्यास ‘प्रकाशौष्णिक’ होते, पण तेथे जीभ अडखळते, म्हणून मी ‘प्रकाश-औष्णिक’ असेच लिहितो.

‘रंगकण’ही सोडावा. त्यातून रंगाचा ठिपका डोळ्यांपुढे येतो, तर येथे महत्त्व आहे द्रव्याच्या रेणूला. २०११ साली टोरांटोतील संशोधकांनी मांडलेले ‘पॉर्फिसोम’ पाहा. हरितद्रव्याच्या कुळातले पॉर्फिरिन मेदरेणूला जोडून त्याचे सुमारे १०० नॅनोमीटरचे पोकळ गोळे त्यांनी केले. सुटा पॉर्फिरिन-रेणू प्रकाश शोषून चमकतो. गोळ्यात मात्र हे रेणू इतके दाटीने बसतात की चमक विझते आणि शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. गोळा फुटला की चमक परत येते. म्हणून ‘रंगद्रव्याचे नॅनोकण’ हेच नेमके. (विरघळणाऱ्या, कापड रंगवणाऱ्या द्रव्याला ‘रंजक’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो येथे मिसळू नये.)

क्रियापद मात्र ‘तापणे’च ठेवावे. तवा तापतो, डांबरी रस्ता तापतो, तसे हे कण तापतात. ज्वराची शंका येते ती अंग तापले तरच. खरे तर ‘ऊन’वरून शब्द घडवण्याचा मोह मला झाला होता, कारण ‘उष्ण’पासून आलेल्या या एका शब्दात ‘ऊन पडले’ मधला प्रकाशही आहे आणि ‘ऊन ऊन भात’ मधली उष्णताही. पण ऊन डोळ्यांना दिसते, आणि या कामी बहुधा अवरक्ताच्या (इन्फ्रारेडच्या) सीमेवरचा, जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा प्रकाश वापरतात, कारण तो ऊतींत अधिक खोल शिरतो.