दीड मीटर उंचीवरून उडी मारली तर गुडघ्यावर किती किलो जोर येतो?

तुमचा प्रश्न असा की वजन 65 किलो आहे, सोसायटीच्या दीड मीटर कंपाउंडवरून रोज उडी टाकता, तर गुडघ्यावर नेमका किती किलो फोर्स येतो. नुसतं वजन आणि उंची सांगून हे उत्तर निघत नाही हो, कारण सगळ्यात महत्त्वाचा आकडा राहिलाय, तो म्हणजे पाय जमिनीला लागल्यानंतर पूर्ण थांबेपर्यंत तुमचं शरीर अजून किती खाली येतं.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, तिथेही पोरं हमखास इथेच अडकतात, एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची) करून एनर्जी काढतात (तुमच्या केसमध्ये साधारण 955 ज्यूल) आणि मग फोर्स कुठून आणायचा ते कळत नाही. तर सोप्पा हिशोब असा: जितकी उंची पडलात, तिला थांबायला लागलेल्या अंतराने भागा, त्यात 1 मिळवा, आणि तुमच्या वजनाने गुणा. हा झाला पायाखालचा सरासरी फोर्स.

आता समजा पाय ताठ ठेवून टाचांवर आदळलात, म्हणजे शरीर जेमतेम 5 सेंटीमीटरमध्ये थांबलं. 150 भागिले 5 म्हणजे 30, अधिक 1, वजनाच्या 31 पट, दोन हजार किलोच्या वर! आणि तेच आधी चवडे टेकले, मग टाच, मग गुडघे आणि कंबर वाकवत 50 सेंटीमीटर खाली बसलात तर फक्त 4 पट, म्हणजे 260 किलो. उंची तीच, माणूस तोच, जमिनीला टेकतानाचा स्पीडही तोच, ताशी साडेएकोणीस किलोमीटर. फरक एवढाच की पहिल्यांदा तो स्पीड सेकंदाच्या दोन शतांश भागात संपला आणि दुसऱ्यांदा त्याला दहापट वेळ मिळाला.

हे सगळं सरासरी आहे बरं का, प्रत्यक्षात फोर्स एकसारखा नसतो, टाच आदळते त्या क्षणी एक टोकदार पीक (peak, म्हणजे क्षणभराचा सगळ्यात जास्त जोर) येतो आणि तो सरासरीच्या बराच वर जातो. चवड्यांवर उतरलं की पोटरीचा स्नायू ताणला जात जात ब्रेक लावतो आणि तो पीक बोथट होतो. मल्लखांबाच्या पोरांना उतरताना बघा, किंवा डोळे मिटून नुसतं ऐका, चांगल्या पोराचा पायाचा आवाज जवळपास येतच नाही आणि नवख्याचा धप्पकन येतो. तो आवाज म्हणजेच पीक, तुम्हाला कुठल्या मशीनची गरज नाही.

गुडघ्याचं विचाराल तर तिथे जमिनीच्या फोर्सपेक्षा जास्तच दाब येतो, कारण वाकलेला गुडघा सावरायला मांडीचा पुढचा स्नायू जोरात ओढत असतो आणि ती ओढ सांध्यावरच बसते. म्हणून माझं सांगणं आहे की गुडघे आत वळू देऊ नका आणि एका पायावर तर अजिबात उतरू नका, लिगामेंट तुटायची केस बऱ्याचदा तिथेच होते.

तुमची दीड मीटरची उडी किरकोळ वाटते ना? जुन्या गोल पॅराशूटने जवान साधारण याच स्पीडने जमिनीवर येतो, सेकंदाला 5-6 मीटर. त्यासाठी आग्र्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये दोन्ही पाय जुळवून चवडे, पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला, पाठ असं ओळीने जमिनीवर लोळायचं घोटून घेतात, अंगावर ओझं असलं तरी झटका एकट्या घोट्यावर येत नाही.

दहीहंडीतही हेच गणित चालतं आणि तिथे मला खरंच काळजी वाटते. 25 किलोचं पोर 5 मीटरवरून पडलं आणि खालच्या गोविंदांनी हात वर करून झेलत एक मीटरभर खाली आणलं तर 150 किलो जोर, तोही सात-आठ जणांत वाटलेला. तेच पोर 15 सेंटीमीटर दबणाऱ्या मॅटवर पडलं तर साडेआठशेच्या आसपास, तेही मानेवर की पाठीवर ते नशीब. मॅट हवीच, पण मॅट आहे म्हणून हार्नेस नको म्हणणाऱ्या मंडळांना हा हिशोब कुणीतरी दाखवायला पाहिजे.

बुटांचं म्हणाल तर सोल दाबून दाबून किती दबणार, एखादा सेंटीमीटर, गुडघे देतात त्या 50 पुढे ते काहीच नाही. आणि रोजचंच असेल तर उंचीच कमी करा की, उभं राहून उडी टाकण्यापेक्षा भिंतीकडे तोंड करून हातांवर लोंबकळा, दीड मीटरच्या भिंतीवर पाय जवळजवळ जमिनीला टेकतातच. दुखणं आधीच सुरू झालं असेल तर मात्र उड्या बंद करून ऑर्थोपेडिकला दाखवा.