‘इट इज रेनिंग’मधला ‘इट’ कोण?

प्रश्न असा आहे : ‘इट इज रेनिंग’ या वाक्यातला ‘इट’ म्हणजे नेमकं कोण? पाऊस, ढग की आकाश?

कोणीच नाही. खात्री करायची तर ‘व्हॉट इज रेनिंग?’ असं विचारून पाहा, ऐकणारा गोंधळेल. तेच पुस्तकाविषयी कुणी ‘इट इज टॉर्न’ म्हटलं, तर ‘व्हॉट इज टॉर्न?’ हा सवाल सरळ करता येतो. पुस्तकाचा ‘इट’ खरं सर्वनाम. पावसाचा ‘इट’ मात्र कर्त्याच्या रिकाम्या जागी उभं केलेलं बुजगावणं. इंग्रजी विधानाला कर्त्याची जागा मोकळी ठेवून चालत नाही, म्हणून ही सोय.

मराठीला ती गरज नाही. उजाडलं, सांजावलं, मला मळमळतं... यांत कर्ता शोधून दाखवा! व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. पण गंमत अशी, की ही क्रियापदं नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी रूपातच येतात. म्हणजे इंग्रजीचा हा पोकळ ‘इट’ आपल्याकडे क्रियापदाच्या शेपटीत दडलाय, असं मला तरी वाटतं. वेळ सांगताना मात्र वाटा पार वेगळ्या. ‘इट इज वन’, ‘इट इज फाइव्ह’, दोन्हीकडे तोच ढिम्म ‘इट’. आपण म्हणतो एक वाजला, पाच वाजले. आकडाच कर्ता होऊन बसतो.

घोळ होतो तो भाषांतरात. ‘इट इज डिफिकल्ट टु फर्गेट हिम’ इथला ‘इट’ पोकळ नाही. खरा कर्ता, म्हणजे ‘टु फर्गेट हिम’, मागून येतोय आणि ‘इट’ने त्याच्यासाठी रुमाल टाकून जागा धरलीय. मराठीत तो रुमाल कशाला? ‘त्याला विसरणं कठीण आहे’, झालं.

आणखी एक ‘इट’ जोर देण्यापुरता येतो : ‘इट वॉज मीना हू कॉल्ड’. आपल्याकडे तेवढं काम एकटा ‘च’ करतो, मीनानेच फोन केला. याचं ‘ती मीना होती जिने फोन केला’ असं मराठी वाचलं, की मला मळमळतं. भावकर्तृकच.