आकड्यांचा नाद लागलाय? मग आधी वही काढा

सुरुवात ६१७४ पासून करा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेली ही गंमत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी इथेच येऊन थांबते. मात्र पुढचं शून्य गाळू नका. २१११ घेतलं की ०९९९ येतं, ते ९९९ लिहिलंत तर पुढे हाती शून्यच.

मोबाइलवर नको, हातानेच करा. नंतर तीन अंकी संख्या घ्या. तिथे प्रत्येक वजाबाकी ९९ च्या पटीत का येते, हे शोधण्यात एक संध्याकाळ मजेत जाईल. उत्तर लगेच बघू नका, प्लीज!

या नादात सोबत मिळेना म्हणून गणित-विज्ञानाची व्याख्यानं चुकवणं मला पटत नाही. मुंबईत असाल तर टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम गाठा, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जा. एकटेच जा. थोडं लवकर पोहोचा आणि शेजारच्याला म्हणा, “एक चार अंकी संख्या सांगता का?” काहीजण वैतागतील, पण जो पेन मागेल त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. पुढच्या व्याख्यानाचा मेसेज त्यालाच करायचा.